अलार्म वाजतो म्हणून गाडी विकायची का?

प्रश्न : माझी गाडी 13 वर्षं जुनी आहे, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला अलार्म गेले चार महिने रात्री-अपरात्री आपोआप वाजतो. गॅरेजवाले म्हणतात, अख्खी सिस्टिम बदला. त्यांचं कोटेशन गाडीच्या आजच्या किमतीच्या बाराव्या भागाइतकं आहे. मेहुणे म्हणतात, वायर तोडून टाका. घरच्यांचं म्हणणं, ही कटकट विकून 60 हप्त्यांवर नवी गाडी घ्यावी. एक हप्ता साधारण त्या कोटेशनएवढाच पडेल. गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर निघते. दोन वर्षांत बॅटरीही दोनदा बदलावी लागली. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य बॅटरीचं आहे, आणि तेच तुम्ही जाता जाता लिहिलंय.

लेड-ॲसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. दोन वर्षांत दोन गेल्या म्हणजे एक तर चार्जिंग नीट होत नाही, किंवा गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. थोडा करंट तर कुठल्याही उभ्या गाडीत जातो : घड्याळ, रेडिओची मेमरी, लॉकिंग. 50 मिलिअँपिअरपर्यंत चालून जातं. तेवढ्यावर 45 अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण रिकामी व्हायला महिन्याच्या वर लागेल. अलार्मचं युनिट बिघडून तोच आकडा 300 वर गेला, तर सव्वासहा दिवस. तुमची गाडी निघते सातव्या दिवशी.

शिवाय बॅटरी उतरली की व्होल्टेज पडतं, आणि काही अलार्म त्यालाच छेडछाड समजून ओरडतात. म्हणजे अलार्म बॅटरी खातो आणि थकलेली बॅटरी अलार्म वाजवते, असा प्रकार असू शकतो. असेल तर या बिघाडाचे पैसे तुम्ही आधीच दोनदा मोजलेत, फक्त पावतीवर ‘बॅटरी’ लिहिलं होतं.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा. सिस्टिम विकण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्याकडून ती करून घेऊ नका. वेगळा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा आणि तासाचे पैसे द्या. त्याच्याकडून तीन आकडे लिहून घ्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीचं व्होल्टेज : भरलेली असेल तर 12.6 च्या आसपास. इंजिन चालू असताना : साधारण 13.8 ते 14.4. आणि गाडी लॉक करून अर्धा तास थांबून मोजलेला करंट. घाईत लगेच मोजला तर आकडा फुगलेला दिसतो, त्यामुळे अर्ध्या तासावर अडून बसा.

हे आकडे ठीक निघाले तर बॉनेटखालचा स्विच बघायला सांगा. बॉनेट उघडलं की अलार्मला कळवणारं ते छोटंसं बटण पाणी-धूळ खात बसलेलं असतं. ते गंजलं की बंद बॉनेटही अलार्मला उघडं वाटतं. धक्का ओळखणारा शॉक सेन्सर जास्तच हळवा ठेवला असेल तर बऱ्याच सिस्टिममध्ये तो एका स्क्रूने कमी करता येतो. काही सायरनमध्ये स्वतःची छोटी रिचार्जेबल बॅटरी असते, ती जुनी होऊन गळते. यातल्या कशालाही अख्खी सिस्टिम बदलावी लागत नाही.

मेहुण्यांचा सल्ला फुकट आहे, पण तो महागात पडू शकतो. बाहेरून बसवलेले अलार्म अनेकदा स्टार्टरच्या किंवा इग्निशनच्या वायरमध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घालून जोडलेले असतात. नको ती वायर तुटली तर अलार्म गप्प होईल आणि गाडीही. फ्यूज काढण्याचंही तसंच, सेंट्रल लॉकिंग त्याच फ्यूजवर असलं तर तेही जाईल. मात्र त्यांच्या म्हणण्यातला गाभा मला पटतो. दुरुस्ती जमत नसेल तर अलार्म नीट काढून, मूळ वायरिंग पुन्हा जोडून घ्या. नवी सिस्टिम मी घेणार नाही. ती गाडीच्या किमतीत जवळपास काहीच भर घालत नाही आणि पुन्हा तीच वायरिंग चिरते. तसंही रोज वाजणारा अलार्म ऐकून कोणी चोर बघायला येत नाही, येतात ते तुम्हाला शिव्या द्यायला. स्टिअरिंगला एक मजबूत लॉक लावा. विमा घेताना अलार्मची सवलत घेतली असेल तर तो काढल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा. नाहीतर चोरीच्या दाव्याच्या वेळी वाद उभा राहील.

आता नवी गाडी. इथे मी थोडं स्पष्ट बोलतो. तुम्ही कोटेशन आणि हप्ता शेजारी ठेवून दोन्ही सारखे म्हणता. पण एक आकडा एकदाच जातो, दुसरा 60 वेळा. वर डाउन पेमेंट, जास्तीचा विमा, आणि पहिल्या काही वर्षांत सगळ्यात वेगाने होणारी किमतीची घसरण. आठवड्याला एक फेरी धरली तर 60 महिन्यांत साधारण 260 फेऱ्या. सगळा खर्च 260 ने भागा आणि तो आकडा घरच्यांसमोर ठेवा. मला वाटतं, पुढची चर्चा गाडीची गरज आहे का इथपर्यंत जाईल. जाऊ द्या.

तोवर या गाडीवर खर्चाची मर्यादा आखा. नेहमीचं सर्व्हिसिंग सोडून एका वर्षात तीन हप्त्यांपेक्षा, म्हणजे गाडीच्या किमतीच्या चौथ्या भागापेक्षा जास्त दुरुस्ती निघाली, तर विकायचा विचार करा. हा माझा अंदाजपंचे नियम आहे. गिअरबॉक्स किंवा इंजिनाचं काम निघालं तर वर्ष संपायची वाट बघू नका.

विकायचं ठरलंच तर अलार्मचं काम आधी उरका. रात्री वाजणारी गाडी बघून गिऱ्हाईक दुरुस्तीच्या खर्चापेक्षा बरंच जास्त पाडून मागतो. फ्यूज काढून त्याला फसवू मात्र नका. काय बिघडलं होतं आणि काय केलं ते पावतीसह दाखवा.

या आठवड्यात काम एकच : ते तीन आकडे. तिसरी बॅटरी त्यानंतर.