180 लिटर जातात कुठे?

"मॅडम, पाठ होतंय, पण पेपर हातात आला की सगळं पुसून जातंय. माझं डोकंच नाही ह्याला."

पहिली इंटर्नल, म्हणजे कॉलेजची अंतर्गत परीक्षा, झाली की बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत हे वाक्य ऐकू येतंच. मुलं बदलतात, कोर्स बदलतो (एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी), अडलेला विषय बहुतेक वेळा एकच, पहिल्या वर्षाची फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर चालतं कसं त्याचा अभ्यास. त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतून, आणि आता बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, वर्गात इंग्रजी. फिजिऑलॉजीत 50 पैकी 11 पडले होते आणि घरी अजून सांगितलं नव्हतं. दहावीला शाळेत पहिली आलेली मुलगी, गावात वडिलांनी पेढे वाटलेले. कसं सांगणार?

सुरुवातीला मी चुकले. टाइमटेबल करून दिलं, पहाटे पाचला ऊठ म्हटलं. दोन आठवड्यांनी आली ती आणखीच सुकून. रोज चार तास बसत होती म्हणे. म्हणजे माझ्या कृपेने तेच चुकीचं काम ती आता जास्त वेळ करत होती.

मी मानसशास्त्राची, डॉक्टर नव्हे. त्या दिवशी मात्र म्हटलं, "चल, मला किडनी शिकव." तिने डोळे मिटून इंग्रजीत व्याख्या म्हटली. पाढे म्हणावेत तशी, एक शब्द चुकला नाही. शेवटी आकडे आले. मिनिटाला 125 मिली गाळलं जातं, दिवसाला 180 लिटर. लघवी होते साधारण दीड लिटर.

"थांब," मी म्हटलं. "180 लिटर? आणि बाहेर येतं दीड? मग बाकीचं जातं कुठे?"

ती गप्प. दोन्ही आकडे तिला महिनाभर पाठ होते, पण एकाशेजारी एक ठेवून कधी पाहिलेच नव्हते. 125 गुणिले 60 गुणिले 24 तिने कागदावर करून पाहिलं. 180 आलेच. "शरीरात रक्त किती?" मी विचारलं. पाचेक लिटर, त्यातला पातळ भाग, प्लाझ्मा, तीनेक लिटर. म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसात साठेक वेळा गाळला जातो.

"मग शंभरातलं नव्व्याण्णव परत घेत असणार," ती हळूच म्हणाली. मग एकदम, "मॅडम, ही चाळण नव्हेच! दसऱ्याच्या आधी आम्ही घर काढतो की, तसं आहे हे. सगळं सामान अंगणात आणतो, मग लागतंय तेवढंच आत."

"सगळं निघतं?"

"कपाट निघतंय कुठं दारातनं! ते आतच." जरा थांबली. "कपाट म्हणजे रक्तपेशी. आणि मोठी प्रोटीनं."

हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. शरीराला नको असलेली प्रत्येक वस्तू ओळखत बसायची गरज नाही, आत न घेतलेलं आपोआप बाहेर राहतं, ही त्या रचनेतली हुशारी तिला त्या दिवशी दिसली. खरं तर मलाही.

तेवढ्यात तिला आजी आठवली. आजीला साखरेचा आजार, रात्री चार-चार वेळा उठते. "मग?" मी विचारलं. माझ्याकडे तेव्हा एवढा एकच प्रश्न उरला होता. साखर एरवी सगळीच परत आत घेतली जाते. मग? रक्तातली साखर 100 मिलीत साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की आत घेणारे हात कमी पडतात. मग? उरलेली साखर लघवीत जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून आजी उठते, आणि म्हणून तिला सारखी तहान. जुनी माणसं लघवीला मुंग्या लागल्या की हा आजार ओळखायची, तेही इथेच जुळलं. "आणि मॅडम, ह्या 180 चा त्या 180 लिटरशी संबंध नाही हं," तिने मलाच बजावलं.

मग टाइमटेबल फाडलं. नवीन पद्धत एवढीच होती: एका पानावर एकच साखळी, प्रत्येक पायरीला "मग?". आधी मराठीत, तोंडाने. पाचवी पायरी अडली की पुस्तक उघडायचं, त्याआधी नाही. पेपर इंग्रजीतच असतो, त्यामुळे शेवटी तीच साखळी पाच-सहा साध्या इंग्रजी वाक्यांत हाताने लिहायची. ही पायरी गाळणारी मुलं मराठीत छान समजावतात आणि पेपरात गडबडतात, म्हणून या पायरीवर मी हटून बसते.

ऐकायला रूममेट होती, बैलहोंगलची, घरची कन्नड. इथे 1956 पासून कोण कुठल्या भाषेचा यावर काय काय झालंय ते बेळगावकराला सांगायला नको. हॉस्टेलमध्ये मात्र या दोघी अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत एकमेकींची नाडी मोजत होत्या. हृदय एका ठोक्याला 70 मिली ढकलतं, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे पाच लिटर. जिना चढून आल्यावर ठोके वाढले. मग?

घरी मार्क सांगितले ते तिनेच, फोनवर. वडील थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "जेवलीस काय?"

दुसऱ्या इंटर्नलला 50 पैकी 27 पडले. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अजून तोंड सुकतं. समोरून इंग्रजीत प्रश्न आला की पहिलं मिनिट तसंच जातं, ते मला अजून नीट सोडवता आलेलं नाही. वार्षिक परीक्षेनंतर तिचा मेसेज आला: "फिजिऑलॉजी निघाली. अ‍ॅनाटॉमी राहिली. मॅडम, तिथं 'मग?' चालतच नाही, नुसती नावंच नावं. रविवारी येऊ काय?"

ये म्हटलंय.