नाशिकच्या द्राक्षबागांतल्या बुरशींवर परदेशी विद्यापीठाबरोबर काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की तिकडचे प्राध्यापक म्हणतात, आधी नमुने पाठवा, करार नंतर बघू. या एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसले. पाठवू नका.

2009 चा ऑगस्ट. निफाड तालुक्यात आमची थॉमसन द्राक्षांची बाग. खोडाची सुटी साल काढताना आत मिलीबग (पिठ्या ढेकूण) सापडतो, तो नेहमीचाच. त्या दिवशी एका खोडावरचे दहा-बारा मात्र वेगळे होते. अंगावर पीठ नव्हतं, कापसासारखे बारीक तंतू बाहेर आलेले. काडीने दाबलं तर चिकट रस नाही, कोरडे कडक. आबांनी साल तशीच माझ्या तळहातावर ठेवली. "हे औषधाने नाही मेलेले. बघ काय ते."

मी तेव्हा एमएस्सीला होते. त्यांच्यावरची बुरशी प्लेटवर वाढवली, किडींना मारणारी लेकॅनिसिलियम निघाली. आपले शेतकरी अजून तिला जुन्या नावाने व्हर्टिसिलियमच म्हणतात. डाऊनी-भुरी या रोगांसाठी वर्षानुवर्षं बुरशीनाशकं फवारलेल्या बागेत ही बुरशी जिवंत होती, यातच तिचं मोल होतं.

आमच्या सरांचं बाहेरच्या एका प्रयोगशाळेशी काम चालू होतं. त्या बुरशीच्या तीन नळ्या (स्लँट) पॅराफिल्ममध्ये गुंडाळून पाहुण्यांच्या बॅगेतून गेले. परवानगी नाही, करार नाही, इथे कुठे नोंद नाही. मी विचारलं तर म्हणाले, "विज्ञानाला सीमा नसतात. कागद कारकुनांनी करायचे." दोन वर्षांनी पेपर आला. ठिकाण म्हणून 'महाराष्ट्र, भारत' एवढंच. निफाड नाही, द्राक्ष नाही. आमच्याकडची प्रत मे महिन्यात फ्रीज बंद पडून वाळून गेली होती. तिकडे मागितली, दोन्ही ईमेलना उत्तर नाही. पुढचे तीन पावसाळे मी त्याच ओळींतून साली उचलत फिरले. पुन्हा नाही सापडली.

म्हणून आधी वाढवलेली बुरशी (कल्चर) पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करा आणि क्रमांक घ्या. गाव, पीक, खोड की माती, तारीख, सगळं लेबलवर. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली परवानगी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडून मिळते. सहकार्य प्रकल्पांना कलम 5 ची सूट आहे, पण प्रकल्प सरकारी निकषांत बसणारा आणि मंजूर असेल तरच. वेळ लागतो, लागू द्या.

टोळांवरचं 'ग्रीन मसल' हे बुरशीपासून केलेलं औषध बघा. 1989 ला सुरू झालेल्या, अनेक देशांच्या पैशावर चाललेल्या प्रकल्पातलं ते, मेटारायझियम या बुरशीचं. मूळ बुरशी नायजरमधली, संग्रहातला क्रमांक आयएमआय 330189. ती कुठून आली हे आज कुणालाही सांगता येतं. सरांना मी एवढंच म्हणत होते.

बुरशींत उपयुक्त संयुगं सापडतील का, हेही विचारलंत. आपण बागेत फवारतो ते अ‍ॅझोक्झिस्ट्रॉबिन हे बुरशीनाशक ज्या स्ट्रोबिल्युरिन या संयुगावरून घडवलं, ते जर्मन संशोधकांनी 1977 मध्ये पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या इवल्या अळंबीतून मिळवलं. तेव्हा शोधाच, भरपूर आहे.

आणि हो, बाहेरचे सगळे तसे नसतात. संयुगाची रचना उलगडायची यंत्रं त्यांच्याकडे सहज मिळतात, मीही उद्या त्यांच्याबरोबर काम करेन. फक्त करार आधी.

जमलं तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीलाही भेटा. आमच्या गावच्या नोंदवहीत त्या बागेचा गट नंबर, ती ओळ आणि आबांचं नाव मी गेल्या वर्षी समोर बसून लिहून घेतलं.