पेढे खाऊन झोपू का?

प्रश्न : वय 68, मिरजेत एकटी राहते. मुलगा बंगळुरूला. साखरेच्या गोळ्या आणि रात्री जेवणाआधी मिक्स इन्सुलिन चालू आहे. गेल्या महिन्यात दोनदा पहाटे तीनला घामानं चिंब होऊन जाग आली, हात लटलटत होते. एकदा तर एकादशी होती, रात्री फक्त राजगिऱ्याचा लाडू खाल्ला होता. आता भीतीपोटी दोन पेढे खाऊन झोपते. चालेल का?

उत्तर : नको, ताई. पेढ्यातल्या खव्यामुळे साखर सावकाश चढते, आणि मूळ दुखणं डोसचं असेल तर ते नुसतं झाकलं जातं. जेवणाआधी घेतलेल्या मिक्स इन्सुलिनमधला संथ भाग मध्यरात्रीनंतर जोर धरतो आणि साखर फार खाली उतरते. तुमचे तीन वाजतात ते त्यामुळेच असावेत. इन्सुलिनला एकादशी कळत नाही! डॉक्टरांना आजच फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. उपासाच्या दिवशी किती युनिट घ्यायचं तेही विचारून घ्या. डोस स्वतःहून बदलू नका, बंदही करू नका.

झोपण्याआधी मशीनवर साखर बघा. शंभरच्या आत असेल तर अर्धा कप दूध आणि एखादी पोळी. घाम फुटून जाग आली, साखर सत्तरच्या खाली गेली, तर 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. तरी खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर थोडं खाऊन मगच आडव्या व्हा. गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलंय का, तेही बघा. त्या गोळ्या साखरेचं पचन लांबवतात, म्हणून साखरपाणी किंवा गूळ चटकन लागू पडत नाही. तिथं ग्लुकोजच हवं.

मी स्वतः डॉक्टर, आणि 22 वर्षं इन्सुलिनवर. तरी एका रात्री ग्लुकोजच्या नव्या डब्याचं सील मला फोडता आलं नाही. ओट्याला टेकून त्या चंदेरी कागदाकडे नुसती बघत बसले होते. सुरी हाताशी होती, पण सुचलीच नाही. साखर उतरली की डोकं आपलं राहत नाही. तेव्हापासून मोजलेली पूड लोणच्याच्या छोट्या बरणीत, झाकण सैल, शेजारी पाण्याचा तांब्या, सगळं उशाशी. स्वयंपाकघरापर्यंत जायचंच नाही.

दंडावर लावायचा सेन्सर मिळतो. साखर उतरू लागली की फोन वाजतो, मुलालाही तिकडे कळतं. महाग आहे, पण मुलाशी बोलून तर बघा.

आणि दाराला आतून कडी घालू नका, नुसतं लॅच. एक किल्ली शेजारी द्या. त्यांना सांगा, मी शुद्धीवर नसेन तर तोंडात साखर-पाणी काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन. माझी किल्ली समोरच्या काकूंकडे आहे. सकाळी साडेसातपर्यंत माझं दूध दारातच दिसलं तर त्या बेल वाजवतात. दोनदा मी नुसती उशिरा उठले होते, तरी वाजवलीच.