मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर ऑडिओ इंटरफेसला नेमका कसा जोडायचा?

तुमच्याकडे गिटारचा प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारा डबा आहे, आणि तो आवाज कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्डिंगसाठी नेणारा दोन इनपुटचा इंटरफेस आहे. प्रोसेसरच्या हेडफोन जॅकमधून केबल काढून इंटरफेसला लावली तर गिटार जवळजवळ गायब होते आणि नुसता रिव्हर्ब (घुमारा) ऐकू येतो, आणि मागच्या आउटपुटमधून लावली तर जोरात वाजवताना आवाज फाटतो, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही दुखणी वेगळी आहेत. आधी जोडणी सांगतो, ती दोन ओळींची आहे.

गिटारची केबल प्रोसेसरच्या इनपुटला. प्रोसेसरच्या मागे ‘एल/मोनो’ असं लिहिलेलं आउटपुट असेल, तिथून दुसरी साधी गिटार केबल इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला. इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ (इन्स्ट्रुमेंट) बटण बंद, म्हणजे इनपुट ‘लाइन’वर, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) पूर्ण खाली. केबल लावता-काढताना स्पीकरचा आवाज बंद ठेवा, नाहीतर तो ‘धप्प’ आवाज कानाला आणि स्पीकरला दोघांनाही महागात पडतो.

आता हेडफोन जॅकची भानगड. हेडफोनच्या स्टिरिओ पिनवर टोकाला डावा चॅनल असतो, मधल्या कडीवर उजवा आणि खाली ग्राउंड. इंटरफेसचं लाइन इनपुट बहुतेक वेळा बॅलन्स्ड असतं. ते टोकाच्या सिग्नलमधून कडीचा सिग्नल वजा करतं, कारण केबलमध्ये शिरलेली खरखर दोन्हीकडे सारखीच असते आणि वजाबाकीत ती निघून जाते. पण तुम्ही तिथे हेडफोनचे डावे-उजवे दिलेत. गिटारचा मूळ आवाज दोन्ही बाजूंना सारखाच, म्हणून तो खरखर समजून कापला गेला! डाव्या-उजव्यात जे वेगळं असतं, म्हणजे स्टिरिओ रिव्हर्ब आणि डिले (प्रतिध्वनी), तेवढंच उरलं. इंटरफेस बिघडलेला नाही, त्याने त्याचं काम चोख केलं. काही छोट्या प्रोसेसरना हेडफोनशिवाय दुसरं आउटपुटच नसतं. तेव्हा एका स्टिरिओ पिनच्या दोन मोनो पिना करणारी वाय केबल घ्यायची आणि दोन टोकं दोन इनपुटला द्यायची.

फाटण्याचं कारण ‘इन्स्ट’. ते इनपुट थेट गिटारसाठी असतं. पिकअपचा सिग्नल अशक्त असतो आणि त्याला साधारण १ मेगाओहमचा इनपुट इम्पिडन्स (इनपुटचा विद्युत अडथळा) लागतो, नाहीतर ट्रेबल मरतो. प्रोसेसरमधून बाहेर येणारा सिग्नल मात्र तसा राहिलेला नसतो, त्याला मोठ्या इम्पिडन्सची गरज नाही आणि त्याची पातळीही बहुधा वाढलेली असते. लाइन इनपुट १० किलोओहमच्या आसपासचं असतं आणि त्यात जोरदार सिग्नल सहज मावतो. उलटंही होतं: प्रोसेसरची आउटपुट पातळी अॅम्पसाठी कमी ठेवलेली असेल, तर लाइनवर आवाज अगदी बारीक येतो. तसं झालं तर आधी प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये आउटपुट ‘लाइन’ करा. ती सोयच नसेल, तर बिनधास्त ‘इन्स्ट’ वापरा. काही जळत नाही, फक्त गेनवर नजर ठेवा. तुमच्या प्रोसेसरला एक्सएलआर (माइकच्या केबलसारखं तीन पिनांचं) आउटपुट असेल आणि तेच वापरायचं असेल, तर इंटरफेसवरची ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला केबलमधून दिली जाणारी वीज) बंद आहे ना, एवढं बघा.

गेन लावताना बरेच जण डिस्टॉर्शनचा पॅच (प्रोसेसरमध्ये साठवलेलं इफेक्टचं सेटिंग) लावून मीटर बघतात आणि फसतात. डिस्टॉर्शन आवाजाला दाबून सपाट करतं, त्यामुळे मीटरचा काटा फारसा उडत नाही. खरे उंच झटके क्लीन पॅचवर येतात. म्हणून क्लीन पॅच लावा, सगळ्या तारा एकदम जोरात छेडा आणि सर्वांत मोठा झटका सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल इतकाच गेन द्या. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर थोड्या कमी पातळीवर रेकॉर्ड झाल्याने काही बिघडत नाही; लाल दिवा लागला तर मात्र तो टेक गेलाच म्हणून समजा. दिवा न लागताही आवाज फाटत असेल तर तो प्रोसेसरच्या आतच फाटतोय. पॅचचा व्हॉल्यूम कमी करा, इंटरफेसच्या नॉबशी भांडू नका.

कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे अॅम्पच्या स्पीकरची नक्कल करणारी सोय, चालू आहे का, तेही बघा. गिटारच्या अॅम्पमधला स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो. ते गाळणं झालं नाही, तर तोच ओव्हरड्राइव्ह डब्यात अडकलेल्या माशीसारखा भणभणतो आणि मग लोक इंटरफेसला शिव्या घालतात. मात्र कॅब एकाच ठिकाणी: प्रोसेसरमध्ये, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. दोन्हीकडे लावलात तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा बुजतो.

यानंतर हमखास येणारी तक्रार म्हणजे आवाज दोनदा येणं किंवा पोकळ वाटणं. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (कॉम्प्युटरमध्ये न जाता आवाज थेट ऐकवणारी सोय) चालू असतं आणि सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचं मॉनिटरिंगही. एक आवाज तत्काळ येतो, दुसरा कॉम्प्युटरमधून फिरून काही मिलिसेकंद उशिरा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी जेवढा आवाज साठवून हाताळतो तो तुकडा) म्हणजे एका बाजूचे सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त. तुमचे इफेक्ट प्रोसेसरमध्येच तयार होतायत, तेव्हा सॉफ्टवेअरमधून ऐकायची गरजच काय? ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, डायरेक्ट मॉनिटर ठेवा. मग बफर ५१२ केलात तरी हाताला फरक जाणवणार नाही.

स्टिरिओ हवा असेल तर दोन्ही आउटपुट दोन इनपुटना, दोन्हींचे गेन सारखे, आणि सॉफ्टवेअरमध्ये एक स्टिरिओ ट्रॅक. डिले डावीकडून उजवीकडे उड्या मारत असेल तर याला पर्याय नाही. पण रिदम गिटारसाठी मला विचाराल तर मोनोच बरं: तोच भाग दोनदा वाजवा, एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. दोन वेळच्या वाजवण्यातल्या बारीक फरकांनी जो भरीवपणा येतो तो कुठल्याच कोरस इफेक्टला जमत नाही.

गुणगुण ऐकू आली तर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. गुणगुण गेली तर ती पिकअपची, जरा वळून बसा किंवा स्क्रीनपासून लांब सरका. तशीच राहिली तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं जाऊन येणारी गुणगुण, असण्याची शक्यता मोठी. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. फरक पडला तर मध्ये ग्राउंड लिफ्टची (ग्राउंडची जोडणी तोडण्याची) सोय असलेला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइक इनपुटजोगा करणारा छोटा डबा) लावून डीआयच्या एक्सएलआर आउटपुटमधून इंटरफेसच्या माइक इनपुटला जा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉक बसेल.

शेवटी यूएसबी. तुमच्या प्रोसेसरला यूएसबी ऑडिओ असेल, तर तो स्वतःच एक इंटरफेस आहे आणि नुसती गिटार रेकॉर्ड करायला एवढ्या केबलींची गरज नाही. कित्येक मॉडेलमध्ये तर इफेक्टवाला आणि कोरा असे दोन्ही सिग्नल एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात, म्हणजे इफेक्टचा आवाज नंतर आवडला नाही तर तोच टेक दुसऱ्या पॅचमधून पुन्हा काढता येतो. अडचण येते ती त्याच वेळी इंटरफेसवर माइक लावून गायचं असेल तेव्हा. विंडोजवर बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेसला सॉफ्टवेअरशी जोडणारा प्रोग्राम) घेतं. मॅकवर ‘अॅग्रिगेट डिव्हाइस’ करून दोन्ही जोडता येतात, पण दोघांची सॅम्पल मोजणारी आतली घड्याळं जुळवत बसावं लागतं. गिटार आणि गाणं एकत्रच घ्यायचं असेल तर वर सांगितलेली केबलच लावा: पहिल्या इनपुटला प्रोसेसर, दुसऱ्याला माइक.