घोडा घरी आलाय? आधी खोगीर बाजूला ठेव

अरे वा, पहिला घोडा घेतलास, अभिनंदन! मुळशीकडे स्वतःची जागा आहे म्हणजे निम्मं काम झालं, मला तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोडा ठेवायला जमेल का विचारणारे पण भेटलेत.

पहिला महिना रायडिंग विसर. रोज सकाळी खरारा कर (म्हणजे ब्रशने अंग घासून साफ कर), चारही खूर उचलून खडे-शेण काढ, आणि हे सगळं कामाच्या माणसावर सोडू नकोस कारण घोड्याला जीव लागतो तो रोज हात फिरवणाऱ्याचा, रविवारी येऊन फोटो काढणाऱ्याचा नाही. आयाळ संपते तिथे खाजव. खालचा ओठ लोंबायला लागला की समज, गडी खूश.

नवीन लोकांच्या ठरलेल्या चुका:

- मागून गुपचूप जाणं. बरोबर मागचं त्याला दिसत नाही, दचकला की लाथ. बोलत बोलत खांद्याकडून जा.
- हातातून सारखा गूळ. आमच्या घोडीने माझा खिसाच फाडला होता, चूक माझीच.
- खुराक एकदम बदलणं. हे सगळ्यात डेंजर. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ (पोटात जोराची कळ) जिवावर बेततो. बदल ७-१० दिवसांत हळूहळू कर, चारा भरपूर, दाणा बेताचा. सारखा पोटाकडे वळून बघतोय, लोळतोय, लीद बंद झालीये असं दिसलं तर रात्रीचे २ वाजले असले तरी डॉक्टरला फोन लाव.

नालबंद, म्हणजे खूर कापून नाल ठोकणारा, दर ६-८ आठवड्यांनी बोलव. ढोल-ताशाच्या आवाजाची सवय नंतर बघू, आधी सांग, धनुर्वाताची लस झालीये का त्याची?