पोळ्यानंतरची कोवळी ज्वारी: गाय तिथे बांधू नका

दादा, सकाळची धार काढून आल्यावर तुमचा प्रश्न वाचला आणि चहा तसाच राहिला. चाऱ्याची ज्वारी श्रावणात कापली, मग तीन आठवडे पावसानं दडी मारली, पोळ्यानंतर दोन सरी आल्या आणि आता वांग्याच्या कडेनं खोडव्याला हिरवेगार फुटवे आलेत. गाई कुटाराला, म्हणजे वाळल्या भुश्शाला, तोंड लावत नाहीत, तर तासभर तिथे बांधू का, असं विचारलंय तुम्ही. बांधू नका. दहा मिनिटंही नको. बाकीचं सावकाश वाचा.

२०१७ साली माझ्या वावरात हेच होतं. आर्वीकडचं आमचं रान, विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर वांगी आणि बरबटी म्हणजे चवळी, कोठ्यात एक म्हैस आणि दोन गवळाऊ गाई. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता, बरबटी तोडायला दोन बाया आल्या होत्या आणि मोठी गाय दाव्याला हिसके देत होती. मी तिला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, ज्वारीत नेलं आणि खुंटा ठोकला. वांग्याला दिलेला युरिया पाण्यासोबत तिथवर झिरपत होता, म्हणून फुटवे गर्द हिरवे झाले होते. मला वाटलं, बरंच झालं, चारा जोमात आहे.

माझी टोपली भरायच्या आत ती खाली बसली. मान लांब केलेली, तोंड उघडं, श्वासासाठी धडपड आणि अंगभर थरथर. पापणी उलटून पाहिली तर आत लालभडक. डावी कूस फुगलेली नव्हती, तरी शेजारचे काका म्हणाले की पोट फुगलं असेल, जवसाचं तेल पाजा. पाजलं नाही तेच बरं केलं; धापा टाकणाऱ्या जनावराच्या नरड्यात तेल ओतलं तर ते फुप्फुसात जातं. दुसरे म्हणाले, फवारणीचं औषध लागलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना माणसं दगावली होती, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी आधी तेच यायचं.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, "काय खाल्लं?" मी म्हटलं, "नेहमीचंच. कुटार आणि धुऱ्यावरचा चारा." मागून काका ओरडत होते, फवारणीचं सांग, फवारणीचं सांग. तेही सांगितलं. ज्वारी हा शब्द तोंडून निघालाच नाही. लपवायचं नव्हतं काही, पण चारा म्हणजे चारा, एवढंच डोक्यात होतं. डॉक्टर फवारणीच्या विषावरची इंजेक्शनं घेऊन आले. धुऱ्यावर पाय ठेवताच त्यांनी चावलेले फुटवे पाहिले आणि ज्वारीच्या विषावरचं औषध आणायला माणूस परत दवाखान्यात पिटाळला. तो येईपर्यंत गाय गेली. सात महिन्यांची गाभण होती. डॉक्टरांना मी दोष देत नाही, मी जे सांगितलं त्यावर ते आले.

मी काही डॉक्टर नाही, पण तेव्हापासून जे विचारून घेतलं ते सांगते. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचा घटक असतो. पाण्याच्या ताणानं खुरटलेल्या ज्वारीत आणि कापल्यावर फुटलेल्या खोडव्यात तो जास्त, युरियानं आणखी वाढतो. जनावरानं चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही, म्हणून पापणी लाल दिसते. त्यावर सोडियम नायट्राईट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. ते काम डॉक्टरांचंच, आपण सुई हातात घेऊ नये. आता १९६२ या नंबरवर फिरत्या दवाखान्याची गाडी मागवता येते. फोनवर पहिलं वाक्य हेच बोला: "कोवळी ज्वारी खाल्ली आहे, त्याचं औषध सोबत आणा."

तुमची ज्वारी वाया घालवा असं म्हणत नाही. फुलोऱ्यावर येऊ द्या, मग कापा. उन्हात कडकडीत वाळवली किंवा मुरघास केला तरी हे विष बरंच कमी होतं. पण वांग्याच्या अगदी कडेची, युरिया प्यायलेली ओळ मी वाळवूनही घालणार नाही, कारण युरियामुळे साठलेलं नायट्रेट वाळवून जात नाही. माझं मत विचाराल तर भाजीच्या कडेनं ज्वारी नकोच, संकरित नेपिअर गवत लावा. आमच्याकडे त्यातला फुले जयवंत हा वाण आहे. आणि फवारलेल्या वांग्याची किडकी फळं कोठ्यात टाकू नका, एवढं लगे हात सांगून ठेवते.

आता विम्याचं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. हप्ता भरलेला होता. ज्येष्ठात काटेरी तारेला अडकून गाईच्या कानातला विम्याचा ओळखीचा बिल्ला निघाला, तो मी धुऊन देवघराच्या कोनाड्यात ठेवला. कळवायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. विम्याचा दावा करताना तोच बिल्ला आणि शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन गेले, तर टेबलावरचे साहेब म्हणाले, बिल्ला कानात हवा, हातातला चालत नाही. तीन चकरा झाल्या, दर वेळी नवा कागद. माझ्या दोन दिवसांच्या भाजीचं नुकसान त्यात झालं ते वेगळंच. शेवटी नकाराचं पत्रही लेखी दिलं नाही, नुसतं तोंडी सांगितलं. विमा उतरवताना माणसं घरी येतात, चहा घेतात, गाईचे फोटो काढतात, आणि गाय मेल्यावर ओळखही दाखवत नाहीत, याचा मला आजही संताप येतो. तहसीलातली मदत वीज, पूर अशा आपत्तीची असते, तिथेही काही मिळालं नाही. तेव्हा तुमच्या गाईंचे बिल्ले आजच पाहा. सैल असेल, निघाला असेल तर लेखी कळवा आणि पोच घ्या.

आज गाईंना आधी कुटारावर थोडी सरकी ढेप भिजवून टाका, खातील. आणि संध्याकाळी त्या कुठे बांधल्यात ते इथे लिहा, मी पाहते.