हातातलं काम कागदावर

लघुउद्योग : वाचकांचे प्रश्न

छोट्या धंद्याच्या वाढीबद्दल पत्रं मागवली होती. कोकणातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : ऑर्डरी वाढल्या, माणसं वाढली, पण काम नेमकं कसं करायचं ते अजून घरातल्या एक-दोघांनाच ठाऊक. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : कुडाळजवळ आमचा अमृत कोकमचा घरगुती उद्योग आहे. पूर्वी सासूबाई आणि मी दोघीच करायचो. आता हंगामात बारा बायका कामाला असतात आणि २०० लिटरच्या टाक्या भरतात. गेल्या पावसाळ्यात काही बाटल्या फसफसल्या, झाकणं उडाली. त्याच टाकीतल्या बाकीच्या मात्र छान राहिल्या. सगळं प्रमाण सासूबाईंच्या नजरेत आहे. एकांनी चाळीस पानी मॅन्युअल करून दिलं, ते कपाटात पडून आहे. आम्ही नक्की काय लिहून ठेवावं?

उत्तर : मॅन्युअल कपाटातच राहू द्या, तपासणीला कोणी आलं तर दाखवता येईल. कामासाठी मात्र एकेका टप्प्याचा एकेक कागद हवा, आणि पहिला कागद जिथे नुकसान झालं त्या जागेचा. सगळ्या धंद्याचं एकदम लिहायला बसलात तर दिवाळीपर्यंत लिहीत राहाल आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा बाटल्या फुटतील.

एकाच टाकीतल्या थोड्याच बाटल्या बिघडल्या, यातच बरंचसं उत्तर आहे. साखर विरघळताना जड पाक तळाशी बसतो आणि वर पातळ राहतो. टाकीचा नळ खाली असेल तर आधी भरलेल्या बाटल्यांत दाट पाक जातो आणि शेवटच्या बाटल्यांत पातळ. विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, म्हणजे ब्रिक्स, ६५च्या खाली गेलं की यीस्टला वाव मिळतो. दुसरी शक्यता ओल्या बाटल्यांची : धुऊन नीट न निथळलेल्या बाटलीतलं पाणी, किंवा कोमट पाक भरून लगेच झाकण लावल्यावर आत जमलेले थेंब. वरचा थर तेवढ्यानेही पातळ होतो आणि आंबायला सुरुवात तिथूनच होते.

तेव्हा बाटल्या भरण्याआधीचा कागद असा करा :

टाकी तळापासून दहा मिनिटं ढवळा. वरून, मधून आणि नळातून असे तीन नमुने घ्या. तिन्ही सावलीत गार होऊ द्या. रिफ्रॅक्टोमीटरची (ब्रिक्स मोजायच्या यंत्राची) काच पुसा, डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवतो का पाहा, मग एकेक थेंब तपासा. तिन्ही आकडे ६५ किंवा वर हवेत आणि त्यांच्यात एकापेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर पुन्हा ढवळा. सगळे आकडे कमी असतील तर साखर वाढवायची, पण किती ते फक्त अमुक बाई ठरवतील. आकडा वहीत लिहिल्याशिवाय नळ उघडायचा नाही.

यात काय करायचं, कशाने, किती, बरोबर झालं ते कशावरून ओळखायचं आणि चुकलं तर काय, या पाचही गोष्टी आल्या. बहुतेक कागदांत पहिल्या तीन असतात. शेवटच्या दोन नसतात, आणि नव्या बाईला अडतं ते नेमकं तिथेच.

रिफ्रॅक्टोमीटर घेताना त्याची पट्टी बघून घ्या. बाजारात सहज मिळणारा ० ते ३२चा तुमच्या उपयोगाचा नाही. ४५ ते ८२ किंवा ५८ ते ९० असा हवा. गार करण्याची अट कागदावर लिहा, कारण उन्हातून आणलेल्या पाकाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. साध्या यंत्रांतली तापमानाची आपोआप दुरुस्ती बहुधा ३० अंशांपर्यंतच चालते, आणि मे महिन्यात पत्र्याखाली पारा त्याच्या वरच असतो. आकडा कमी दिसला की बायका साखर ओततात आणि पैसे जातात.

परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) घालत असाल तर त्याचा हिशेब किलोवर लिहा, लिटरवर नको. ६५ ब्रिक्सच्या एक लिटर पाकाचं वजन साधारण १.३२ किलो भरतं. समजा तुमच्या कृतीत किलोला ०.६ ग्रॅम सोडियम बेंझोएट आहे. १०० लिटरला ७९ ग्रॅम लागेल. लिटरलाच किलो धरलं तर ६० ग्रॅमच पडेल. पावडर थेट टाकीत भुरभुरवू नका, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून घाला. ‘पाव चमचा’ हा शब्द कागदावर येऊच देऊ नका. ग्रॅमचा छोटा काटा हजाराच्या आत मिळतो.

राहिली सासूबाईंची नजर. त्यांना ‘किती घालता?’ असं विचारलंत तर ‘अंदाजाने’ हेच उत्तर येणार, आणि ते खोटंही नाही. तेव्हा विचारू नका, मोजा. मीठ-जिऱ्याची ओंजळ टाकीत पडण्याआधी ताटलीत घेऊन वजन करा, वेगवेगळ्या दिवशी. त्यांनी ‘झालं आता’ म्हटलं की त्याच क्षणी ब्रिक्स बघा आणि लिहा. पाच-सहा घाण्यांनंतर त्यांच्या अंदाजाचा खालचा आणि वरचा आकडा हातात येईल. तो बहुधा आश्चर्य वाटावं इतका अरुंद असतो.

वहीत दर घाण्याला एक ओळ : तारीख, कोकम कोणाकडचं, साल किती किलो, साखर किती किलो, तीन ब्रिक्स, परिरक्षक किती ग्रॅम, बाटल्या किती, सही. लेबलवरचा बॅच क्रमांक आणि वहीतला क्रमांक एकच हवा. प्रत्येक घाण्यातली पहिली आणि शेवटची बाटली मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवा. पुढच्या वेळी झाकण उडालं तर दोष कुठे होता ते या दोन बाटल्या सांगतील.

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. कामाचे कागद आहेत, भिंतीवर लावलेलेही आहेत. पण भिंतीवर एक, सुपरवायझरच्या मोबाईलवर दुसरं आणि प्रत्यक्षात तिसरंच चालतं.

उत्तर : यात दोन वेगळे दोष आहेत.

पहिला दोष प्रतींचा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात क्रमांक, तारीख आणि बदल करणाऱ्याचं नाव हवं. बदल एकानेच करायचा. बाकीच्यांनी सुचवायचं असेल तर भिंतीवरच्याच कागदावर पेनने लिहावं. महिन्यातून एकदा ते शेरे बघून नवी प्रत काढा, आणि जुनी त्याच वेळी फाडा. व्हॉट्सअ‍ॅपवर बदल कळवायला हरकत नाही, पण कागद बदलेपर्यंत तो बदल लागू नाही असा नियम करा. नाहीतर ‘सायबांनी मेसेज टाकलेलो’ यावर रोज वाद.

दुसरा दोष जास्त खोल आहे : कागद पाळता येण्यासारखा नसतो. ‘इतकी मिनिटं वाफवा’ असं लिहिलेलं असतं, पण वेंगुर्ला-७ची मोठी बी आणि गावठी बारीक बी एकाच वेळेत सारखी वाफवली जात नाही. वाफ कमी पडली तर टरफल नीट फुटत नाही आणि गर तुटतो. जास्त झाली तर टरफलाचं तेल गराला लागून तो काळवंडतो. कामगार वेळ बदलतो ती शहाणपणाने, आणि कागद खोटा पडतो. म्हणून आधी चाळणीने बी वेगळी करण्याचा टप्पा लिहा, मग प्रत्येक आकाराची वेळ वेगळी, आणि दर लॉटला दहा बिया कापून पाहण्याची चाचणी : गर अख्खा सुटला किती, डागाळला किती.

बोरम्याचं, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीचंही तेच. साधारण ७० अंशांवर सहा ते आठ तास, हे कोणीही सांगेल. पण खालच्या ट्रेला जास्त आच लागते, तेव्हा ट्रे किती वाजता वरखाली करायचे आणि कोणी, ते लिहा. काम झाल्याची खूण आच बंद करण्याची वेळ नव्हे. गार झालेला गर दोन बोटांत चोळल्यावर साल सुटली पाहिजे. कमी सुकला तर साल चिकटून राहते आणि बायका सुरीने खरवडतात, जास्त सुकला तर पाकळ्या होतात. पाकळीचा भाव अख्ख्याच्या जवळपासही नसतो.

प्रतवारीच्या टेबलावर शब्द कमी आणि वजन जास्त ठेवा. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये (एका पौंडात) ३०० ते ३२० अख्खे गर, डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०. दर डब्याआधी ४५४ ग्रॅम तोलायचे, मोजायचे, आकडा लिहायचा. याहून मोठ्या कागदाची तिथे गरज नाही.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आणि पॅकिंग आहे. बागेत नेपाळी कामगार, पॅकिंगला गावातली माणसं. मराठी वाचणारे निम्मेच. शिवाय जुना गडी म्हणतो, ‘सगळा लिहून घेतलास काय मग माझी गरज काय?’

उत्तर : त्याचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते खरं आहे. ज्याच्या हातातलं कसब तुम्ही कागदावर उतरवताय, त्याला त्याचा मोबदला द्या. शिकवण्याच्या दिवसांचे वेगळे पैसे, कागदावर त्याचं नाव, आणि नव्या माणसाचं काम तपासण्याचा अधिकार त्याच्याकडे. पाठीमागे व्हिडिओ काढून लिहायला घेतलंत तर तो महत्त्वाची गोष्ट नेमकी गाळेल.

वाचता न येणाऱ्यांसाठी फोटो चालतात, पण जोडीचे हवेत : हे बरोबर, हे चूक. देठासह उतरवलेला आंबा आणि देठ तुटून डीक सालीवर ओघळलेला आंबा, शेजारी शेजारी. तयार फळाचे भरलेले खांदे आणि कोवळ्याचे उतरते खांदे. फोटो तुमच्याच बागेतले, सकाळच्या उजेडातले काढा. दुपारी काढलेल्या फोटोत रंग फसवतो. वजनाच्या प्रतींसाठी काट्याशेजारी रंगीत पट्टी लावा : २०० ते २५० ग्रॅम एक रंग, २५० ते ३०० दुसरा, त्यावर तिसरा, आणि पेटीवर त्याच रंगाचा टिकला.

कागद जमला का ते कळायला एकच चाचणी आहे. ज्याने ते काम कधी केलं नाही त्याच्या हातात कागद द्या, शेजारी उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. तो थांबला, किंवा त्याने तुमच्याकडे बघितलं, की तिथे खूण करा.

प्रश्न : गुहागरला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. आम्ही मुंबईला असतो, चुलतभाऊ सांभाळतो. सगळं लिहून ठेवायचं तर कुठून सुरू करू?

उत्तर : रात्री अकरा वाजता तुम्हाला फोन येतो त्या गोष्टींपासून. गेल्या वर्षभरातले फोन आठवून यादी करा. त्यात लाईट आणि पाणी सर्वांत वर असतील.

पंपाचा कागद पंपाशेजारीच लावा. मोटर फिरते पण पाणी चढत नाही, म्हणजे बहुधा फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या टोकाची झडप) गळतोय किंवा मे महिन्यात विहिरीची पातळी त्या पाइपच्या तोंडाखाली गेली आहे. आधी मोटर बंद, मग विहिरीत डोकावून पातळी पाहा, पाणी असेल तर प्रायमिंगच्या तोंडातून पाणी भरा, मग पुन्हा चालू. दोनदा करूनही चढलं नाही तर थांबा, कोरडी मोटर जळते. त्याच कागदावर वायरमन आणि टँकरवाल्याचे नंबर, आणि ते गणपतीत किंवा शिमग्यात नसतील तर दुसरे कोण. कोकणात हा दुसरा नंबरच खरा लागतो.

परदेशी पाहुणा आला तर त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारी संकेतस्थळावर २४ तासांत भरावी लागते. त्या संकेतस्थळाचा लॉगिन कोणाकडे, पासपोर्टच्या कोणत्या पानांचे फोटो घ्यायचे, हे लिहून ठेवा. चादरी-नाश्त्याचं नंतर लिहिलंत तरी चालेल.

प्रश्न : कामाचे हे कागद ठेवायला कोणतं अ‍ॅप घ्यावं?

उत्तर : दहा-पंधरा माणसांपर्यंत अ‍ॅपची गरज नाही. गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर आणि कामाच्या जागी छापील प्रत, एवढ्यावर भागतं. छपाई लेझर प्रिंटरवर करा. इंकजेटची शाई जूनमधल्या दमट हवेत पसरते. लॅमिनेशनची कड कागदापासून बोटभर बाहेर ठेवून कापा, कागदाच्या कडेलगत कापलंत तर ओल आत शिरते आणि गौरीगणपतीपर्यंत कागद बुरशीने काळा होतो. रोज लिहायच्या वहीला लॅमिनेशन चालत नाही, तिथे पुठ्ठ्याची जाड वही आणि दोरीने बांधलेलं बॉलपेन.

फोल्डर, जीएसटी आणि बँकेचे लॉगिन धंद्याच्या वेगळ्या सिमवर नोंदवा. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या नंबरवर नकोत. तो मीटिंगमध्ये असतो आणि ओटीपी दहा मिनिटांत मरतो.